घरी चहा असताना मुलगा कॅफेत का जातो?

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात होता, तो दिवाळीनंतर गावी परत आला. घरात तो मोजकेच बोलतो, पण दर एक-दोन दिवसांनी सायंकाळी दुचाकी काढून तालुक्याला जातो आणि बसस्थानकाच्या रस्त्यावर नव्याने सुरू झालेल्या कॅफेत एका कॉफीवर दोन तास बसतो. "घरी म्हशीचं दूध आहे, दिवसातून चारदा चहा होतो, तरी साठ रुपये मोजून हा तिथं काय प्यायला जातो? घरात याला काय कमी आहे?" असे त्या विचारतात. त्यांचे यजमानही संध्याकाळ फाट्यावरच्या टपरीवर घालवतात, पण त्याचे त्यांना काही वाटत नाही. शेवटी त्यांनी विचारले आहे, "एकदा मीच त्याच्यासोबत जाऊन बसू का?"

ताई, तुमच्या प्रश्नात काळजी आहे आणि थोडे दुखावलेपणही आहे. आपण केलेला चहा सोडून मुलगा विकतच्या कॉफीकडे जातो, हे कोणत्याही आईला लागेलच. म्हणून आधी एवढेच सांगते की तो कॉफीसाठी जात नाही. मी ग्रामीण विदर्भात समुपदेशनाचे काम करते. टपरीवर, पानठेल्यावर किंवा तालुक्याच्या कॅफेत तासन् तास बसणाऱ्या माणसांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आपण आहोत याची दखल घेतली जावी, पण आपली चौकशी मात्र होऊ नये, अशी जागा त्यांना हवी असते. घरात या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणे फार अवघड असते, आणि त्यात घराचा दोष नसतो.

घर म्हणजे नात्यांची जागा, आणि प्रत्येक नात्याला काहीतरी देणे लागते. तुमचा मुलगा घरात पाऊल ठेवतो तेव्हा तो एकाच वेळी परीक्षेत न निघालेला उमेदवार असतो, ज्याच्या पुण्याच्या खोलीभाड्यासाठी तूर विकली गेली तो मुलगा असतो, धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी काहीतरी कमवायला हवे होते असा मोठा भाऊ असतो. कोणी त्याला काही बोलले नाही तरी हे सगळे घरात हजर असते. "जेवतोस का?" या साध्या प्रश्नातही त्याला "पुढे काय ठरवलंस?" हा प्रश्न ऐकू येतो. कॅफेतल्या खुर्चीवर तो फक्त गिऱ्हाईक असतो. साठ रुपये दिले की तेथील देणे फिटते, आणि माझ्या मते तो जे विकत घेतो ते हेच आहे. दोन तास त्याच्याकडून कोणाचेच काही येणे राहत नाही.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८० च्या दशकात या प्रकारच्या ठिकाणांना ‘तिसरी जागा’ म्हटले. पहिली जागा घर, दुसरी कामाची, आणि तिसरी अशी की जिथे यायला आमंत्रण लागत नाही, जिथून उठायला परवानगी लागत नाही, आणि जिथे माणसाचा हुद्दा दाराबाहेर राहतो. त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकी उपनगरे होती, जिथे माणूस घरातून गाडीत आणि गाडीतून कचेरीत जात होता आणि मधली जागा नाहीशी होत होती. आपल्याकडे पिंपळाखालचा पार, चावडी, देवळाचा ओटा ही व्यवस्था पूर्वीपासून होती, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. मात्र तुमच्या मुलाच्या बाबतीत ओल्डनबर्ग यांचे वर्णन थोडे अपुरे पडते, कारण त्याच्याकडे दुसरी जागाच नाही. शेतात काम आहे, पण ते वडिलांचे वावर आहे आणि तिथेही तो मुलगाच असतो. ज्याला कामाची जागा नाही त्याच्यासाठी घराबाहेरची एकच जागा उरते, आणि तिचे महत्त्व त्यामुळे दुप्पट होते.

आता यजमानांच्या टपरीविषयी बोलते, कारण बाप आणि मुलगा दोघेही विसावा शोधत असले तरी त्यांची गरज एकमेकांच्या उलट आहे. फाट्यावरच्या टपरीवर काय घडते ते सोयाबीनच्या हंगामात कधीतरी नीट पाहा. बाजार समितीतून एखादा शेतकरी परत येतो, ओलावा जास्त निघाला म्हणून भाव कापला गेलेला असतो. तो बाकावर बसतो आणि दुपट्ट्याने मान पुसतो. हॉटेलवाला काही न विचारता पाण्याचा ग्लास समोर ठेवतो आणि थोड्या वेळाने अर्धा चहा. बाजूचा माणूस बऱ्याच वेळाने विचारतो, "काय लागला भाव?" "लागला काहीतरी," एवढेच उत्तर येते. त्यावर पुढचा प्रश्न कोणी करत नाही, कारण बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी तेच उत्तर दिलेले असते. बोलणे पावसाकडे वळते. त्या माणसाचे दुःख तिथे सगळ्यांना कळले, आणि कोणीही त्याला ते उलगडून सांगायला लावले नाही. समुपदेशनाच्या प्रशिक्षणात आम्हाला जे कष्टाने शिकवले जाते त्यातला मोठा भाग या बाकावर सहज घडत असतो.

तुमच्या यजमानांना टपरीवर ओळख मिळते. तुमच्या मुलाला नेमकी ही ओळख नको आहे. टपरीवर तो गेला तर "कधी आला पुण्याहून? निकाल लागला का?" हे दोन प्रश्न तो बसायच्या आतच येतील. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण ज्याच्याकडे सांगण्यासारखे उत्तर नाही त्याला ओळखीची जागाच सर्वांत अवघड जाते. म्हणून तो दुचाकीवर तालुक्याला जातो. तिथे प्लास्टिकच्या हिरवळीची भिंत आहे, त्यावर दिव्यांची इंग्रजी अक्षरे आहेत, फोन चार्ज करायला जागा आहे, आणि काउंटरवरचा मुलगा फक्त "गरम की कोल्ड?" एवढेच विचारतो. आपल्या पिढीला ही सजावट उसनी वाटते. पण तिथे बसणाऱ्या मुलाला ती जागा गावाची नाही हेच हवे असते. पुण्यात काही वर्षे तो जसा अनोळखी माणसांत बसत होता तसेच त्याला इथेही बसता येते, आणि पुण्याहून परत आलो म्हणजे सगळेच संपले नाही असे दोन तास तरी वाटते.

अनोळखी माणसांत बसण्याने खरेच बरे वाटते का, याबद्दल अभ्यास झालेले आहेत. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी कॉफीच्या दुकानात येणाऱ्या काही गिऱ्हाइकांना कॉफी देणाऱ्याशी हसून, नजरेला नजर देऊन दोन शब्द बोलायला सांगितले आणि इतरांना झटपट कॉफी घेऊन निघायला सांगितले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, दोन शब्द बोललेल्यांची मनःस्थिती अधिक चांगली आढळली आणि आपण कशाचा तरी भाग आहोत ही भावनाही त्यांच्यात जास्त होती. अशा पातळ नात्यांचे महत्त्व समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले होते. नोकरीची बातमी जवळच्या नातेवाइकांपेक्षा ओळखीच्या-पाळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण त्यांचे जग आपल्यापेक्षा वेगळे असते. तुमच्या मुलाला पुढचे काम कदाचित अशाच एखाद्या टेबलावरून कळेल. याची खात्री देता येत नाही, पण घराच्या खोलीत बसून ते कळण्याची शक्यता नक्कीच कमी आहे.

गरम कप हातात धरल्याने मनालाही ऊब मिळते, असे सांगणारा २००८ चा एक अमेरिकी प्रयोग बराच गाजला होता आणि अजूनही लोक तो सांगतात. नंतर अधिक लोकांवर तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, म्हणून मी तो आधार घेत नाही. आवाजाबद्दलचा एक निष्कर्ष मात्र उपयोगी वाटतो. २०१२ च्या एका संशोधनात साधारण ७० डेसिबल, म्हणजे माणसांनी भरलेल्या कॅफेइतक्या आवाजात लोकांना नव्या कल्पना शांत खोलीपेक्षा जास्त सुचल्या, आणि ८५ डेसिबलला तो फायदा नाहीसा झाला. अगदी शांत खोलीत खचलेल्या माणसाला स्वतःचेच विचार मोठ्याने ऐकू येतात, हे सांगायला मला प्रयोगाची गरज वाटत नाही, कारण माझ्याकडे येणारी मुले ते आपल्या शब्दांत सांगतात.

कॉफीच्या दुकानांना हा मान काही आजच मिळालेला नाही. सोळाव्या शतकाच्या मध्याला इस्तंबूलमध्ये कॉफीखाने निघाले, १६५२ मध्ये लंडनमध्ये पहिले निघाले, आणि तिथे एका पेनीत कॉफी, वर्तमानपत्र आणि कोणाशीही वाद घालण्याची मुभा मिळू लागली. दारूच्या गुत्त्याला पर्याय म्हणून शुद्धीत बसण्याची ही जागा होती, आणि राज्यकर्त्यांना तिचीच भीती वाटली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीखाने बंद करण्याचा हुकूम काढला, पण लोकांचा विरोध इतका झाला की जानेवारीत, अंमल सुरू होण्याआधीच, त्याला तो मागे घ्यावा लागला. आपल्या देशात १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून इंडियन कॉफी हाउस चालवले. ज्या जागेत माणसे निवांत बसतात ती टिकवण्यासाठी माणसे झगडतात, हे वारंवार दिसते. (कॉफी ही परक्या मुलखाची वस्तू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी लक्षात घ्यावे की शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच, चिखलदऱ्याला, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत.) शुद्धीत बसण्याचा मुद्दा मी मुद्दाम मांडला. दारूबंदीसाठी बायकांना रस्त्यावर उतरावे लागले अशा तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात एक खचलेला तरुण संध्याकाळी कॉफीच्या टेबलावर जाऊन बसतो, ही माझ्या दृष्टीने चांगली निवड आहे.

तालुक्याच्या कॅफेंबद्दल गावात जे बोलले जाते तेही तुमच्या कानावर आले असेल. काही ठिकाणी पडदे आणि फळ्या लावून अंधाऱ्या खोपी केल्या जातात, त्यांवर पोलिसांची कारवाई होते, आणि मग सगळ्याच कॅफेंचे नाव खराब होते. अशा खोप्यांमध्ये अल्पवयीन मुलींची फसवणूक होऊ शकते, म्हणून त्या बंद व्हायलाच हव्यात. पण उघड्यावर, काचेच्या दाराआड, रस्त्यावरून दिसेल अशा टेबलावर बसणारी मुले-मुली तिथे येतात याचे कारण गावात त्यांना दोन वाक्ये बोलायलाही जागा नसते. मुलगा कुठल्या कॅफेत बसतो हे एकदा जाता-जाता पाहून घ्या, तेवढे पुरे आहे.

काळजी कशाची करायची हे आता सांगते. तिथे जाणे हे लक्षण नाही. जाणे अचानक बंद होणे हे मात्र लक्षण असू शकते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप बिघडली असेल, भूक मेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नसेल, अंघोळ-दाढीकडे दुर्लक्ष होत असेल, "मी नसतो तर तुमचे पैसे वाचले असते" अशा अर्थाचे काही तोंडातून निघत असेल, आपल्या वस्तू तो दुसऱ्यांना देऊ लागला असेल, तर वाट पाहू नका. मरणाचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरवला जातो ही समजूत चुकीची आहे, उलट विचारल्याने बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. त्याचे उत्तर हो आले तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात घेऊन जा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. आपल्याकडे माणसे मदतीला उशिरा येतात, पण परिस्थिती बदलता येते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला, त्यात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलणे सुरू केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मदत माणसाच्या ओळखीच्या जागेपर्यंत आली, म्हणून हे घडले.

कॉफीबद्दल एक व्यावहारिक सूचना आहे. कॉफीतील कॅफिन मेंदूला थकव्याचा निरोप पोहोचू देत नाही, म्हणून तरतरी येते. त्याचा निम्मा अंश शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. सायंकाळी सहाला प्यायलेली कॉफी रात्री अकरालाही अर्धी शिल्लक असते. ज्याला आधीच घाबरल्यासारखे होते, छातीत धडधडते, त्याची धडधड जास्त कॉफीने वाढते आणि झोप आणखी लांबते. मुलगा रात्री जागत असेल तर कॅफेत जाऊ नकोस असे म्हणू नका, संध्याकाळी लिंबू सरबत किंवा दुसरे काही घेत जा, एवढेच सुचवा. जागा तीच राहते.

घरात काय करता येईल असेही तुमच्या मनात असेल. कॅफेत जे मिळते त्यातला थोडा भाग घरात आणता येतो. तो परत आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे त्याला काहीही विचारू नका, "कुठे होतास" हेसुद्धा नको. परीक्षेचा, नोकरीचा आणि लग्नाचा विषय आठवड्यातल्या एका ठरलेल्या वेळी काढा आणि बाकी दिवस तो बंद ठेवा. हे त्याला आधी सांगा, म्हणजे दर जेवणाला तो अंग चोरून बसणार नाही. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलताना किंवा कापूस निवडताना शेजारी बसून, समोरासमोर न पाहता, हातांना काम देऊन बोलणे सोपे जाते. आमच्या अनुभवात मुलगे समोर बसवून विचारल्यावर गप्प होतात आणि बाजूला बसून काम करताना आपणहून बोलतात. यजमानांनाही हे सांगा. टपरीवर ते ज्या संयमाने दुसऱ्याच्या मालाच्या भावाची चौकशी अर्ध्यावर सोडतात, तो संयम घरात मुलासाठी वापरता येईल.

तुमच्या पत्रात जी गोष्ट नाही ती मला जास्त खटकली. मुलाला कॅफे आहे, यजमानांना टपरी आहे, तुमच्या जागेचा पत्रात उल्लेख नाही. फाट्याच्या टपरीवर बाई बसलेली दिसत नाही, ती पार्सल घेऊन निघते. पूर्वी हातपंपावर, विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर बायकांना थांबण्याचे निमित्त मिळत होते. नळ घरात आला हे चांगलेच झाले, डोक्यावरचा हंडा गेला, पण त्याबरोबर रोजची ती पंधरा मिनिटेही गेली आणि त्यांच्या बदल्यात गावाने बायकांना काही दिले नाही. बचत गटाची बैठक होते, पण ती हप्त्याच्या हिशेबात संपते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये डोकेदुखी, अंगदुखी, ‘जीव घाबरते’ अशा तक्रारी घेऊन वर्षानुवर्षे दवाखाने फिरलेल्या कितीतरी जणी असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे पहिले मोकळे बोलणे आमच्या केंद्राच्या व्हरांड्यात, नंबर येण्याची वाट पाहताना, शेजारच्या अनोळखी बाईशी झालेले असते. झिंबाब्वेत २००६ पासून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवून प्रशिक्षित आजीबाई बसतात आणि येणाऱ्याचे ऐकून घेतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या बाकावर आलेल्यांचे नैराश्य सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. आपल्या उपकेंद्राच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात असा बाक ठेवायला फारसा खर्च येणार नाही. आशाताईंशी आणि गटातल्या बायकांशी याबद्दल बोला. हप्ता जमा झाल्यावर अर्धा तास कोणीही उठायचे नाही, हिशेबाची वही मिटायची आणि चहा ठेवायचा, एवढा नियम केला तरी सुरुवात होते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मुलाने स्वतःहून बोलावले नाही तोवर त्याच्या कॅफेत जाऊ नका, कारण तुम्ही तिथे बसलात की त्या क्षणी ते घर होते आणि त्याला दुसरी जागा शोधावी लागते. त्याने बोलावले तर मात्र नक्की जा, कामाचे कारण सांगून टाळू नका. त्याला जे आवडते तेच मागवायला सांगा, पैसे त्याला देऊ द्या, आणि चव आवडली नाही तरी घरच्या दुधाचा विषय त्या दिवशी काढू नका.